डाळ तळाशी राहते

नवापूरची तूरडाळ नावाजलेली. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तालुक्यातल्या पोल्ट्र्यांमधून अंड्यांच्या गाड्या भरून बाहेरगावी जातात. लेकराचे हाड-मांस ज्यावर वाढते, त्या दोन्ही वस्तू आपल्या गावाभोवतीच तयार होतात. आणि याच गावातल्या एका वस्तीत आम्ही नऊ महिन्यांच्या मुलीला जेवताना पाहिले. आजींनी वरणाच्या पातेल्यातले वरचे निवळ पाणी वाटीत घेतले, त्यात चिमूटभर भात कुस्करला आणि नातीला मांडीवर घेऊन प्रेमाने भरवले. वाटी संपली. मुलीने तोंड फिरवले. आजी म्हणाल्या, "भरलं बरं पोट."

पोट खरेच भरले होते. अडचण तिथेच आहे.

या वयाच्या बाळाचे पोट एवढेसे असते. वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ग्रॅम अन्न त्यात एका वेळी मावते. बाळ सात किलोचे असेल तर दोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या घरातली एक मध्यम वाटी. ती वाटी वरणाच्या पाण्याने भरली की बाळाची भूक मरते, पण अंगाला काही लागत नाही. डाळ तळाशी राहते आणि ती मोठ्यांच्या ताटात जाते. बाळ रडत नाही, किरकिर करत नाही, झोपून जाते. त्यामुळे घरात कोणाच्या मनातही येत नाही की हे लेकरू अर्धपोटी आहे.

अशा न रडणाऱ्या अर्धपोटी लेकरांची संख्या आपल्या जिल्ह्यात किती आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१५-१६ मध्ये झाली आणि पुन्हा २०१९-२१ मध्ये झाली. दोन्ही वेळा नंदुरबार जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. नीती आयोगाने गरिबी मोजताना उत्पन्न बाजूला ठेवून आहार, शाळा, पाणी, संडास, घर अशा गोष्टी मोजल्या, तेव्हाही महाराष्ट्रात आपला जिल्हा सर्वांत मागे निघाला. हे आकडे आले की बोलणे सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांकडे वळते. ते योग्यच आहे, तिथली स्थिती बिकट आहे. पण शहराच्या कडेला, रेल्वेच्या रुळांजवळ, नाल्याच्या काठाला राहणाऱ्या आपल्या घरांतली लेकरे त्या आकड्यांत नाहीत असे समजून आपण सुटका करून घेऊ नये.

मोठ्या माणसाची गरिबी आणि लेकराची गरिबी यांत एक फरक आहे. मोठ्या माणसाची दोन वर्षे ओढाताणीत गेली, तर पुढे काम लागल्यावर तो सावरतो. लेकराची पहिली दोन वर्षे गेली की ती परत मिळत नाहीत. आईच्या पोटातले २७० दिवस आणि जन्मानंतरची दोन वर्षे म्हणजे ७३० दिवस, असे मिळून हे हजार दिवस होतात. जन्मलेल्या बाळाचा मेंदू प्रौढ माणसाच्या मेंदूच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढा असतो. दोन वर्षांचे होईपर्यंत तो तीन-चतुर्थांशाच्याही पुढे जातो. एवढी वाढ आयुष्यात पुन्हा कधी होत नाही. या काळात अन्न कमी पडले तर उंची खुंटते. असे मूल खुजे राहते, पण दिसायला हसरे-खेळते असते. शेजारीपाजारी म्हणतात, "आईबापावर गेलंय, बुटकंच आहे." आई-बाप तरी का बुटके राहिले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. खुजेपणाबरोबर शाळेत मागे पडणे, वारंवार आजारी पडणे आणि पुढे अंगमेहनतीला कमी पडणे हेही येते. आणि अशा मुलीचे लग्न होऊन ती आई झाली की तिचे बाळ जन्मतःच कमी वजनाचे होण्याची भीती असते. गरिबी एका पिढीतून दुसऱ्या पिढीत उतरण्याचा हा एक रस्ता आहे आणि तो शरीरातून जातो.

इथपर्यंत वाचून एखादी ताई म्हणेल, म्हणजे चूक आमचीच. आरोग्याच्या पानावर आईला शिकवत बसायची खोड आम्हालाही आहे, हे कबूल करतो. वर सांगितलेल्या मुलीची आई त्या वेळी घरी नव्हती. बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर ती कामावर जाऊ लागली होती. सकाळी आठला निघायची, संध्याकाळी सहाला यायची. अंगावरचे दूध सकाळी आणि रात्री. अधल्या वेळात आजी. आजींचे डोळे अधू, गुडघे दुखणारे, वर घरातली दोन मोठी नातवंडे. या घराला "सहा महिने फक्त आईचे दूध द्या" असे सांगणे सोपे आहे. सहा महिने तिच्या मजुरीचे पैसे कोण देणार, हे सांगितल्याशिवाय त्या सल्ल्याला अर्थ नाही.

हा प्रश्न आपल्यासाठी नवा नाही. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चार नावे आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असतात. रमाई आणि बाबासाहेबांची ही चार लेकरे लहानपणीच गेली. राजरत्न गेला १९२६ साली. त्यानंतर दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्याच हिताचे आहे, आणि त्या विश्रांतीचा भार एकट्या बाईवर टाकता येणार नाही, तो मालकाने आणि सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. पण तो कारखान्यातल्या स्त्रियांपुरता. आज नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. शेतात निंदणी करणारी, भाजीची पाटी घेऊन बसणारी, चार घरी धुणीभांडी करणारी, बांधकामावर घमेली उचलणारी आपली बाई अजून त्या कायद्याच्या बाहेर आहे.

तिच्यासाठी आहे ती प्रधानमंत्री मातृवंदना योजना. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, दोन हप्त्यांत: गरोदरपणाची नोंद आणि एक तपासणी झाल्यावर ३,०००, बाळाची जन्मनोंद आणि पहिले लसीकरण पुरे झाल्यावर २,०००. दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये एकदम. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्रत्येक आईला किमान ६,००० रुपये लिहिले आहेत, तरी पहिल्या बाळाला योजनेतून ५,०००च मिळतात. ३०० रुपये रोजाने हिशेब केला तर ही सोळा-सतरा दिवसांची मजुरी होते. सहा महिने घरी राहायला ती पुरणार नाही, हे आम्हालाही दिसते. तरीही हे पैसे सोडू नयेत. दवाखान्यात बाळंतपण झाल्यास जननी सुरक्षा योजनेतून गावात ७०० आणि शहरात ६०० रुपये वेगळे मिळतात. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषध, रक्त, आईचे जेवण सगळे मोफत आहे आणि १०२ क्रमांकाची गाडीही मोफत आहे. यांतले काहीही विकत घ्यायला लावले तर पावती मागावी.

आपल्या घरांत एक अडचण हमखास येते. मातृवंदना योजनेसाठी पात्रतेचा एखादा कागद लागतो, त्यात अनुसूचित जातीचा दाखलाही चालतो. पण शाळेच्या दाखल्यावर धर्म-जातीच्या रकान्यात नुसते 'बौद्ध' लिहिलेले असते आणि खिडकीवरचा माणूस सांगतो, "तुम्ही यात बसत नाही." हे खरे नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा हक्क कायम राहिला आहे. तहसीलमधून योग्य नमुन्यातला दाखला काढून ठेवावा. तोवर थांबायचेही कारण नाही. पात्र रेशनकार्ड किंवा ई-श्रम कार्ड, यांपैकी एक कागद असला तरी अर्ज होतो. अर्ज अंगणवाडीताई किंवा आशाताई भरून देतात. आधार आणि बँकखाते आईच्याच नावाचे हवे. नवऱ्याच्या खात्यावर पैसे घेण्याचा हट्ट बऱ्याच घरांत होतो आणि तिथेच अर्ज अडकतो.

आता पुन्हा त्या वाटीकडे येऊ.

पहिले सहा महिने बाळाला पाणीसुद्धा लागत नाही, उन्हाळ्यातही नाही. जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजावे. पहिला पिवळा चीक पिळून टाकण्याची रीत काही घरांत अजून आहे. तो चीक म्हणजे बाळाची पहिली लस समजा. मध-गुळाचे बोट चाटवणे, गुटी पाजणे थांबवावे. आई कामावर जात असेल तर हाताने दूध पिळून झाकणाच्या स्वच्छ भांड्यात ठेवता येते. सावलीत, थंड जागी ते चार तास चांगले राहते. नवापूरच्या एप्रिल-मे महिन्यात इतका वेळही धरू नये. दूध वाटी-चमच्याने पाजावे. बाटली आपल्या घरात नीट उकळली जात नाही, म्हणून बाटली नको.

सहा महिने पुरे झाले की वरचे अन्न सुरू. मऊ, घट्ट, चमचा आडवा केला तर पटकन ओघळू नये इतके. सुरुवातीला दिवसातून दोन-तीन वेळा दोन-तीन चमचे, मग हळूहळू अर्धी वाटी. नऊ महिन्यांपासून तीन-चार वेळा अर्ध्या वाटीहून थोडे जास्त. वर्षाचे झाल्यावर तीन-चार वेळा पाऊण ते एक वाटी आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी खाऊ. आईचे दूध दोन वर्षे आणि पुढेही चालू. वेगळे काही रांधायची गरज नाही. आपल्या पातेल्यात तिखट घालण्याआधी पळी तळापर्यंत घालून डाळ काढा, भातात किंवा दादरच्या भाकरीच्या मऊ पापुद्र्यात कुस्करा आणि वरून एक चमचा तेल घाला. हे तेल महत्त्वाचे आहे. लहान पोटात जास्त ताकद बसवायची असेल तर तेलासारखे दुसरे स्वस्त साधन नाही. भाजलेल्या शेंगदाण्याचे बारीक कूट, शिजवलेली मेथी किंवा शेवग्याचा पाला, पिकलेले केळे, जे त्या दिवशी असेल ते. शेंगदाणा अख्खा देऊ नये, नरड्यात अडकतो.

आणि अंडे. "लहान बाळाला अंडे उष्ण पडते" हे आम्ही इतक्या घरांत ऐकले आहे की मोजणे सोडून दिले. सहा महिन्यांनंतर पूर्ण उकडलेले अंडे कुस्करून देता येते, पिवळ्या बलकासकट. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि ती बाळाच्या अंगी चांगली लागतात. नवापुरात अंड्याची भीती बसायला कारणही झाले. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू इथल्याच पोल्ट्रीत सापडला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, अंडी नष्ट केली, कित्येक मजुरांचे काम गेले. २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. त्या दिवसांत ज्यांनी खड्डे पाहिले त्यांच्या मनातून ते गेलेले नाही. पण नीट शिजवलेल्या अंड्यातून तो रोग होत नाही. कच्चे अंडे दुधात फेटून देणे मात्र बंद करा, बर्ड फ्लू असो वा नसो.

पैशाचे काय, असे कोणी म्हणेल. वस्तीतल्या टपरीवर पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटे माळेने टांगलेली असतात. रडणाऱ्या पोराला गप्प करायला दिवसातून दोन फाडली जातात. त्या दोन पाकिटांच्या आणि एका अंड्याच्या किमतीत फारसे अंतर नाही. चहा-बिस्किटाचेही तेच. चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही, आणि एक वर्षाच्या पोराला बशीत चहा ओतून देणारे लाडके काका-मामा प्रत्येक वस्तीत आहेत. मशेरी, तपकीर लावणाऱ्या गरोदर बाईचे बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो, हे सासूबाईंनीही ऐकावे, कारण डबी बहुधा त्यांच्याकडे असते.

सरकारकडून जे येते त्यातही अंडे आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या अंगणवाड्यांत, आणि नवापूर तालुका त्या क्षेत्रात येतो, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना चालते. गरोदर बाईला शेवटचे तीन महिने आणि बाळंतिणीला पहिले सहा महिने एक वेळचे गरम चौरस जेवण, तर सहा महिन्यांपुढच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे, जे अंडे खात नाहीत त्यांना केळी. शहरातल्या वस्तीची अंगणवाडी यात धरली आहे की नाही, हे आपापल्या अंगणवाडीताईंना विचारून घ्या. त्याशिवाय सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो आणि तीन ते सहा वर्षांच्यांना अंगणवाडीत गरम जेवण. २०१३ च्या कायद्यात त्यासाठी रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरवले होते. घरी आणलेले पाकीट घरातली सगळी जण वाटून खातात किंवा ते शेळीला जाते, हे आम्ही पाहिले आहे. चव आवडत नाही, ही तक्रार खोटी नाही. ते पीठ थोड्या तेलात भाजून घेतले तर मुले खातात. पण पाकीट ज्याच्या नावाचे आहे त्याच्याच पोटात गेले पाहिजे.

अंगणवाडी म्हटले की आपल्याला खिचडी आठवते. शब्द कसा आला पाहा. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. गरीब वस्त्यांतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. म्हणजे अंगणवाडीत खेळ आधी होता, जेवण नंतर आले.

खेळ हा चैनीचा विषय नाही. जमैका देशात किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत, दोन वर्षांखालची खुजी राहिलेली १२९ मुले संशोधकांनी निवडली. त्यातल्या काही घरी आरोग्य सेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जायची, आईला मुलाशी खेळायला आणि बोलायला शिकवायची. खेळणी घरातल्या टाकाऊ वस्तूंचीच. वीस वर्षांनी तीच मुले शोधून काढली, तेव्हा ज्यांच्या घरी खेळ पोहोचला होता त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने जास्त होती. आपल्या घरात दुधाच्या पिशव्यांचा चेंडू आहे, बाटलीत चार चिंचोके घालून खुळखुळा होतो, चुलीपाशी बसल्या बसल्या "ही पळी, ही वाटी" म्हणता येते. बाळाला भरवताना त्याच्या डोळ्यांत पाहून बोलायचे. मोबाइल समोर धरला की घास पटकन जातो खरा, पण ते बाळ त्या वेळी कोणाशी बोलत नसते. आजींकडे ओव्या असतात, पाळणे असतात. ते औषधाइतके कामाचे आहेत. आणि बाप संध्याकाळी घरी आल्यावर लेकराला अर्धा तास घेऊन बसला तर आईला तेवढ्यात जेवता तरी येईल.

लेकरू ठीक वाढते आहे की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून दर महिन्याला वजन, आणि दंडाचा घेर. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती अंगणवाडीताई रंगीत पट्टी लावतात. घेर १२.५ सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर हिरवा. ११.५ ते १२.५ च्या मधला पिवळा. ११.५ पेक्षा कमी म्हणजे लाल. असे मूल तीव्र कुपोषित, त्याला त्याच आठवड्यात दाखवायचे. दोन्ही पावलांवर सूज असेल, अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर घेर कितीही असो, उशीर करू नये. लाल मुलाची भूक टिकून असेल आणि दुसरा आजार नसेल तर गावातल्याच ग्राम बाल विकास केंद्रात जादा आहार देऊन ते सुधारते. ताप, जुलाब, अन्न नको म्हणणे असेल तर दवाखान्यात भरती. नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात पोषण पुनर्वसन केंद्र आहे. तिथे आईलाही जेवण मिळते आणि बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कम मिळते. दाखल होतानाच त्याबद्दल विचारा. घरी दोन मुले, मजुरी बुडते म्हणून आया तिसऱ्या दिवशी निघून येतात. अशा वेळी शेजारणीने त्या दोन मुलांना आठ-दहा दिवस जेवू घातले तर एक लेकरू वाचते. मूल नेहमीच फिकट दिसत असेल, हातापायांचे सांधे वारंवार दुखत-सुजत असतील तर सिकलसेलची तपासणीही करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती होते.

एका अंगणवाडीत आम्हाला वजनकाटा बिघडलेला दिसला. काही महिने वहीत अंदाजाने आकडे भरले जात होते. ताईंवर राग काढून उपयोग नव्हता, त्यांनी दोनदा कळवले होते. वस्तीतल्या महिला मंडळाने लेखी अर्ज केला, पोच घेतली, आणि काटा आला. वजन किती भरले, हे दर महिन्याला आईने विचारावे आणि कार्डावर लिहून घ्यावे. काटा चालू आहे की नाही, हे त्यातूनच समजते.

जुलाबाबद्दल थोडक्यात. नाल्याकाठच्या वस्तीत लेकराने चांगले खाल्ले तरी महिन्या-दोन महिन्यांनी जुलाब होतात आणि मिळवलेले वजन वाहून जाते. ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे मोफत मिळतात. झिंक जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस द्यायचे. खाणे आणि अंगावरचे दूध बंद करायचे नाही. घरातल्या सर्वांनी संडासहून आल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात धुवावेत, बाळाची शी सुद्धा संडासातच टाकावी.

बदल होतो का? होतो. महाराष्ट्रात २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले, पहिल्या हजार दिवसांवर जोर दिला गेला. दोन वर्षांखालच्या मुलांतले खुजेपण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते, ते २०१२ च्या पाहणीत २३ टक्क्यांच्या आसपास आले. पुढे तो जोर टिकला नाही. २०१९-२१ च्या पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची दर तिघांतले एक मूल खुजे आहे. छत्तीसगडच्या सरगुजा भागात २०१२ पासून 'फुलवारी' चालवल्या गेल्या. गावातल्याच आया पाळीपाळीने सहा महिने ते तीन वर्षांची मुले सांभाळतात, त्यांना गरम जेवू घालतात, बाकीच्या कामाला जातात. आपल्या वस्त्यांत विहार आहेत. बहुतेक विहारांचे दार रविवार आणि पौर्णिमा सोडली तर दिवसा बंद असते. छप्पर आहे, फरशी आहे, पंखा आहे. तीन-चार आयांनी आणि कामावर न जाणाऱ्या दोन आजींनी मनावर घेतले तर दुपारचे दोन घट्ट घास तिथे सहज होतात. जयंतीच्या वर्गणीतून डाळ, तेल आणि अंडी यांच्यापुरते बाजूला काढायला कमिटीने नाही म्हणू नये, असे आमचे मत आहे. डीजेचा एक तास कमी केला तरी पुष्कळ महिन्यांची अंडी येतील.

दिवाळीनंतर काही घरे सुरत-बारडोलीकडे ऊसतोडीला, बांधकामाला जातात. लेकरू बरोबर जाते आणि अंगणवाडीच्या वहीत गैरहजर पडते. निघण्याआधी लसीकरणाचे कार्ड बरोबर घ्या आणि ताईंना कुठे जात आहोत ते सांगा. तिथल्या अंगणवाडीत नाव घालण्याचा हक्क आहे. रेशनचे धान्यही आता देशात कुठल्याही दुकानातून, आधारवर अंगठा देऊन उचलता येते. मागे राहिलेल्या आजीने इथे तिच्या वाट्याचे उचलले तरी चालते.

आणि रेशनकार्डात बाळाचे नाव घाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळते, मग माणूस सहा महिन्यांचा का असेना. नाव नसेल तर वर्षाला साठ किलो धान्य घरात येत नाही. अंत्योदय कार्डाला घरामागे ३५ किलो ठरलेले असते, तिथे हा हिशेब लागत नाही. नाव घालायला जन्मदाखला लागतो. जन्माची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते, सरकारी दवाखान्यात बाळंतपण झाले तर तिथेच होते. बारशाला नाव ठरेपर्यंत थांबू नये, नावाशिवायही नोंद होते आणि नाव मागाहून घालता येते. तहसीलमध्ये "इष्टांक भरला आहे" असे उत्तर मिळू शकते. तरी अर्ज लेखीच द्या, तारखेसह शिक्क्याची पोच घ्या आणि ती पोच लसीकरणाच्या कार्डाच्या पिशवीतच ठेवा.